जंबूरचा डंख

"डारसाहेब कोण तुमच्यातले?" मुनव्वरने जिन्याच्या शेवटच्या पायरीवरूनच विचारलं.

गुलबाज चीमाच्या तोंडात अख्खा कुलचा होता. त्याने नुसतं बोट दाखवलं. खिडकीपाशी दुलई पांघरून बसलेले हाडकुळे सिब्तैन डार उठले आणि त्यांनी आपलीच खुर्ची तिच्यापुढे सरकवली.

डारांनी वीस वर्षं कॉलेजात फारसी शिकवली होती. आता ते सियालकोटातल्या लोकांच्या भानगडी उकलून देत. चीमा होता पोलिसातला निवृत्त हेडकॉन्स्टेबल. दार फोडायचं असेल तर त्याच्यासारखा माणूस नाही. कोडं फोडायचं असेल तर मात्र त्याने बाजूला उभं राहावं हे बरं.

"मी लोहारगल्लीतल्या उस्ताद मेहरदीनची मुलगी," ती बसलीच नाही. "काल शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजाच्या वेळी माझ्या अब्बांच्या डोक्यात कुणीतरी घाव घातला. इस्पितळात आहेत, डोळे उघडत नाहीत. आणि पोलिसांनी माझ्या नवऱ्याला धरलंय."

"का?"

"शुद्ध जाण्याआधी अब्बांनी त्यांचं नाव घेतलं म्हणे."

चीमाने घास गिळला. "मग राहिलं काय, बीबी? घायाळ माणूस कशाला खोटं बोलेल?"

"खरं नाव नाही घेतलं. टोपणनाव घेतलं. जंबूर."

चीमा ताडकन उठला. "जंबूर? कबड्डीवाला इनायत जंबूर? तो तुझा नवरा? अहो डारसाहेब, त्याने एकदा मनगट धरलं की अख्खा संघ ओढला तरी..."

"चीमा, खाली बस." डार मुनव्वरकडे वळले. "हे नाव त्याला ठेवलं कुणी?"

"कबड्डीच्या सामन्यात भोंग्यावर ओरडणाऱ्या त्या शहरी माणसाने. हाडं पकडायचे ते डॉक्टरी जंबूर आम्ही घडवतो ना, त्यावरून. अब्बांना मुळीच आवडायचं नाही. म्हणायचे, 'जमूर मी भट्टीवर घडवतो, नैता, घरात कशाला आणखी एक जमूर?'" तिने ओढणी घट्ट आवळली. "परवा रात्री दोघांचं वाजलं. यांना लाहोरच्या संघात जायचंय. गल्लीभर आवाज गेला. त्याचीच साक्ष दिलीय लोकांनी. आज संध्याकाळी त्यांना गुजरांवाल्याच्या तुरुंगात नेणार आहेत."

"भांडणाआधी काही घडलं होतं?"

"गुरुवारी दुपारी इस्पितळातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी आलं. ते पाहिल्यापासून अब्बा जेवले नाहीत. कारखान्याचे मुन्शी रिफअत आले होते, त्यांच्याकडे मालकांसाठी निरोप दिला. शेखसाहेबांना म्हणावं, उद्या जुम्म्याच्या नमाजानंतर स्वतः या. माणूस पाठवू नका."

"ते फडकं कुठंय?"

"अब्बांच्या पेटीत ठेवलं होतं. आज पाहिलं तर पेटी रिकामी."

डारांनी टोपी घातली सुद्धा. चीमाने उरलेला कुलचा खिशात कोंबला.

ठाण्यात चीमाला अजून सगळे ओळखत होते. फौजदाराने चहा मागवला आणि टेबलावरची चिठ्ठी लावलेली सांडशी पुढे ढकलली. लोहार जिच्यात तापलेलं लोखंड धरतात तीच. दोन-दोन हात लांब दांड्या आणि पुढे वीतभर जबडा.

"हिनेच मारलंय," फौजदार म्हणाला. "हे बघा रक्त."

रक्त दांड्यांच्या टोकांवर सुकलं होतं. जबडा कोरडा, काळा होता. डार बराच वेळ वाकून पाहत राहिले.

"भट्टी पेटलेली होती?"

"होती ना. आणि जावयाच्या हातांवर भाजल्याच्या खुणा आहेत. आणखी काय हवंय तुम्हाला?"

इनायतला आणलं. उंच, रुंद, पण एका रात्रीत खांदे पडलेला. डारांनी त्याचे हात आपल्या हातात घेतले. पालथ्या बाजूला ठिणग्यांचे पांढरे ठिपके होते, जुने. तळवे म्हशीच्या कातड्यासारखे निबर, कुठेही फोड नाही.

"काल नमाजाच्या वेळी कुठे होतास?"

"रागात होतो, साहेब. मशिदीत गेलो नाही. नाल्याकाठी एकटाच पळत होतो. कुणी पाहिलं नाही." त्याने मान वर केली. "उस्तादनी मला बापासारखं वाढवलंय. त्यांना विचारा. ते शुद्धीवर येऊ देत, मग त्यांनाच विचारा!"

बाहेर पडताना चीमा हळहळला. "पोरगा खरा वाटतो. पण साक्षीदार कुठून आणायचा?"

"साक्षीदार टेबलावरच पडला होता," डार म्हणाले आणि टांगा थांबवला. "चल, भराभर!"

लोहारगल्लीच्या तोंडाशीच चाची बरकतेचा तंदूर होता. चाचीला बोलतं करावं लागलं नाही. गप्प बसवणं तेवढं अवघड होतं.

"गल्लीत चिटपाखरू नव्हतं रे, बाप्ये सगळे मशिदीत. मी पीठ मळत होते. बघते तर मुन्शी रिफअत उस्तादच्या भट्टीतून धावत सुटलेला. 'खून! खून!' पण आधी काय केलं मेल्यानं? माझ्या कणकेच्या पाण्याच्या बादलीत कोपरापर्यंत हात घातला आणि तसाच उभा! म्हणे, उस्तादला उचलताना रक्त लागलं. एवढी बादली बाटवली माझी. तीस रोट्यांचं पाणी ओतून दिलं मी."

"किती वेळ उभा होता?"

"मी चार शिव्या देईपर्यंत. आणि माझ्या शिव्या छोट्या नसतात."

"तुम्ही आत गेलात तेव्हा उस्ताद काही बोलले?"

"कुठलं बोलतंय बिचारं. जे बोलले ते मुन्शीनेच ऐकलं. जंबूर, जंबूर म्हणाले म्हणे." चाचीने डोळ्याला पदर लावला. "चांगला माणूस हो. माझा चिमटा तुटला तर नवा करून द्यायचा. एकदा त्यांच्या छपरात गांधीलमाश्यांनी पोळं केलं, तर जाळू देईना. म्हणे, चाची, भुंडांनाही घर लागतं."

शेख वहीदुद्दीन यांचा डॉक्टरी अवजारांचा कारखाना रेल्वेमार्गाजवळ होता. अंगणात सहा पेट्या दोरांनी बांधून ठेवल्या होत्या. मुन्शी रिफअत दारातच भेटला. हा मूळ पसरूरचा, चीमाच्या गावापासून दहा कोसांवरचा. पण लहानपणी दोन वर्षं लखनौला मामाकडे राहून आला होता आणि ती दोन वर्षं त्याने आयुष्यभर पुरवली होती.

"विराजमान व्हावं, जनाब! या गरिबाची कुटी धन्य झाली."

"काल तुम्ही उस्तादच्या भट्टीवर किती वाजता गेला होता?" डारांनी विचारलं.

"नमाज नुकतीच सुरू झाली असावी. नमुन्याचे जंबूर न्यायचे होते. पाहतो तर उस्ताद भुईवर! मी मस्तक मांडीवर घेतलं. ओठ हलले. म्हणाले, 'जंबूर... जंबूरने मारलं.'"

"शब्द नक्की हाच?"

"जनाब, मी शब्दांचा माणूस. लोक काय बोलतात ते मी अक्षरन् अक्षर टिपतो. 'जंबूर'. असा स्वच्छ, दातांवर घासून आलेला ज, की लखनौच्या उस्तादांनी शाबासकी द्यावी."

मुन्शीने चहाची पेली पुढे केली. डाव्या हाताने. उजवा हात शालीतच होता. स्वतःही तो डाव्यानेच पिऊ लागला. चीमाच्या कपाळाची शीर उठली. चीमाच्या आजीने डाव्या हाताने पाणी पिणाऱ्या पोराला काठीने झोडपलं असतं. थंडी आम्हालाही वाजते म्हणावं. म्हणून काय पाहुण्याला डाव्या हाताने चहा द्यायचा? म्हणे लखनवी अदब!

"मला रजा असावी. चारची गाडी गाठायचीय. पेट्या कराचीला जायच्या आहेत," असं म्हणून मुन्शी अंगणात गेला.

शेखसाहेब आतल्या खोलीत होते. जाडजूड, चिंतेत बुडालेले. "उस्ताद मेहरदीन म्हणजे माझ्या कारखान्याची अब्रू, डारसाहेब. त्यांचा चंद्रकोरीचा शिक्का पाहिला की परदेशातले सर्जन डोळे मिटून अवजार घेतात."

"काल तुम्ही त्यांच्याकडे गेला नाहीत?"

"काल कशाला? त्यांचाच निरोप होता, शनिवारी संध्याकाळी या. माल रवाना झाल्यावर. आज जाणारच होतो."

डारांनी चीमाकडे पाहिलं. चीमाने डारांकडे पाहिलं आणि काहीतरी समजल्यासारखी मान डोलावली. समजलं काहीच नव्हतं.

"शेखसाहेब, एक विनंती," डार म्हणाले. "या पेट्यांतला कुठलाही एक जंबूर घेऊन तीन वाजता उस्तादच्या भट्टीवर या. मुन्शींनाही आणा. म्हणावं, साक्षीच्या कागदावर सही राहिलीय."

इस्पितळात उस्ताद पांढऱ्या पट्ट्यांत निपचित पडले होते. तरुण सर्जन त्यांच्या उशाशीच उभा होता.

"गुरुवारी फडक्यातून काय पाठवलं होतं तुम्ही?" डारांनी थेट विचारलं.

डॉक्टर चपापला. "तुटलेला जंबूर. एका पोरीच्या मांडीचं हाड जोडत होतो. ऐन वेळी जबडा कडकन तुटला, तुकडा जखमेत गेला. तो शोधण्यात बराच वेळ गेला. पोरगी वाचली, हे तिचं नशीब. शिक्का उस्तादचा होता. म्हणून रागाने त्यांनाच पाठवून दिला."

"तुम्हीही जंबूरच म्हणता?"

"वॉर्डबॉय म्हणतात. आम्ही फोर्सेप्स म्हणतो."

डार हसले. "जंबूर फारसी आहे. गांधीलमाशी. चावली की सोडत नाही, म्हणून पकडीला तेच नाव पडलं. पुढे तोफखान्यातल्या छोट्या तोफांनाही पडलं, त्यांनाही डंख होता. आणि तुमच्या फोर्सेप्सचा अर्थ?"

"शिकताना एका जाड पुस्तकात वाचलं होतं. लॅटिन शब्द आहे. मूळ अवजार डॉक्टरांचं नव्हेच, लोहाराचं. गरम वस्तू धरणारी ती फोर्सेप्स. म्हणजे साधी सांडशी."

डार जागच्या जागी थिजले. मग त्यांनी चीमाचा दंड असा दाबला की तो कळवळला.

"गरम वस्तू धरणारी! अरे चीमा, सांडशीने गरम धरतात. सांडशीला गरम बाजूने धरत नाहीत! सुटला पोरगा! फौजदाराला म्हणावं, इनायतला बेड्यांसकट घेऊन भट्टीवर ये. पळ!"

चीमा पळाला. का पळतोय हे त्याला ठाऊक नव्हतं.

तीन वाजता भट्टीवर सगळे जमले होते. फौजदार, बेड्या घातलेला इनायत, भिंतीला टेकून मुनव्वर, पीठ लागलेल्या हातांनी चाची, शेखसाहेब आणि सारखं घड्याळ पाहणारा मुन्शी.

"जनाब, सही कुठे करायची? माझी गाडी..."

"गाडीचंच बोलू," डार म्हणाले. "शेखसाहेब, तो जंबूर इनायतकडे द्या. इनायत, उस्तादने घडवलेला एक घे आणि दोन्ही ऐरणीवर आपट. जोराने."

बेड्या खणखणल्या. उस्तादचा जंबूर ऐरणीवर घंटेसारखा वाजला आणि उसळून परत हातात आला. दुसरा कडकन मोडला. जबडा उडून चाचीच्या पायाशी पडला.

शेखसाहेबांचा चेहरा राखेसारखा झाला. "शिक्का तर उस्तादचाच आहे!"

"शिक्का खोटा. लोखंड भंगारातलं. इस्पितळातला असाच एक तुकडा उस्तादच्या हाती आला आणि त्यांनी एका नजरेत ओळखलं. म्हणून तुम्हाला शुक्रवारी बोलावलं. मुनव्वरसमोर सांगितलेला तो निरोप तुमच्यापर्यंत पोचेतो शनिवार झाला, तोही माल गेल्यानंतरचा. निरोप नेणारा एकच माणूस होता."

सगळ्यांच्या माना वळल्या. मुन्शी हसला. "ऐकण्यात गफलत झाली असेल, जनाब."

"तुमच्या? तुम्ही तर अक्षरन् अक्षर टिपता! मग ऐका. उस्तादच्या जिभेला तुमचा दातांवर घासलेला ज कधी जमलाच नाही. ते या पकडीला जन्मभर 'जमूर' म्हणत आले. गांधीलमाशीला 'भुंड' म्हणत. आणि जावयाला 'नैता'. डोकं फुटलेला माणूस मरताना आपली बोली टाकून तुमची लखनवी उर्दू बोलेल? तो शब्द उस्तादने उच्चारलाच नाही. तुम्ही तो त्यांच्या तोंडी घातलात. इनायतचं भोंग्यावरचं नाव तुम्हाला आयतं सापडलं."

"हे सगळं शब्दांचे बुडबुडे," मुन्शीचा आवाज चढला. "शब्दाने कुणी फासावर जात नाही!"

"बरोबर. म्हणून आता लोखंडाकडे वळू." डारांनी फौजदाराच्या हातातली सांडशी घेतली. "रक्त दांड्यांच्या टोकांवर आहे. म्हणजे मारणाऱ्याने सांडशी जबड्याकडून धरली होती. उस्तादनी ती नुकतीच भट्टीतून काढून जमिनीवर टाकली होती. ते पेटीतून तुटका जंबूर काढायला वाकले, पाठ वळली, आणि कुणीतरी घाईत जे टोक हाताला आलं ते उचललं. लाल लोखंडापासून मूलही दूर राहतं. भाजतं ते काळं लोखंड. लोहाराच्या घरात वाढलेला इनायत जबड्याला हात लावेल? झोपेतही नाही. त्याचे तळवे पाहा, एकही फोड नाही. पण ज्याने मारलं त्याचा तळवा चांगलाच भाजला असणार. इतका, की समोर माणूस मरत पडलेला असताना त्याला आधी पाणी शोधावं लागलं."

"माझी बादली!" चाची किंचाळली.

आणि तेव्हा कुठे चीमाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. डावा हात. ती पेली. ती अदब! दोन ढांगांत तो मुन्शीपाशी पोचला. "मुन्शीजी, आपल्या मुलखातल्या माणसाशी हात तर मिळवा," म्हणत त्याने शाल ओढली.

उजव्या तळहाताला फडकं गुंडाळलेलं होतं. चीमाने ते सोडलं. तळव्यावर आडवे दोन पट्टे उमटले होते, जबड्याच्या दोन पात्यांएवढे.

मुन्शी मटकन खाली बसला. लखनौ त्याच्या जिभेवरून उतरलं आणि पसरूरची पंजाबी बाहेर आली. "मारायचं नव्हतं मला. ते म्हणाले, शेखला सगळं सांगणार. हातापाया पडलो त्यांच्या. ऐकेनात. या खेपेचा माल दुसऱ्या गल्लीतून स्वस्तात करून घेतला होता, वरचे पैसे माझे..."

मुनव्वर एकाएकी पुढे आली. सगळ्यांना वाटलं, मारणार. तिने फक्त विचारलं, "ते भुईवर पडले तेव्हा काय म्हणाले? खरं सांगा."

मुन्शीने मान खाली घातली. "काहीच नाही. नुसते माझ्याकडे बघत राहिले."

फौजदाराने इनायतच्या बेड्या काढून मुन्शीला घातल्या. इनायतने बायकोचा हात धरला आणि दोघं इस्पितळाच्या दिशेने पळत सुटले.

"किती वाजले?" शेखसाहेब अचानक ओरडले. "पेट्या! हमालांनी त्या फलाटावर नेल्या असतील!"

चारला दहा मिनिटं होती. डार, शेखसाहेब आणि चीमा टांग्यात चढले; टांगा उलटायचा तेवढा राहिला. चीमा स्टेशनवर शिरला तेव्हा गार्डची शिट्टी वाजली होती. त्याने मालडब्याचं सरकतं दार दोन्ही हातांनी धरलं आणि अशी काही डरकाळी फोडली की इंजिनवाल्याने डोकं बाहेर काढलं. सहाच्या सहा पेट्या फलाटावर उतरल्या. चीमा त्यांच्यावरच बसून धापा टाकू लागला.

"सगळ्या मिळाल्या," तो अभिमानाने म्हणाला.

शेखसाहेब फलाटावरच्या बाकावर बसले. "याच खेपेतली सातवी पेटी मागच्या आठवड्यात गेली. ती आता बोटीवर असेल. तीन इस्पितळांत वाटली जाईल."

चीमा पेट्यांवरून खाली उतरला.

"मी सांगितलं की माझा माल खोटा आहे, तर पुन्हा कोण घेईल?" शेखसाहेब स्वतःशीच पुटपुटले. "तीस वर्षं लागली मला नाव करायला. उस्तादचं नाव तर त्याहून जुनं."

"उस्तादनी तुम्हाला त्यासाठीच बोलावलं होतं," डार हळूच म्हणाले. "काय करायचं ते तुम्हीच ठरवा."

शेखसाहेब उठले. तारघर स्टेशनला लागूनच होतं. त्यांनी कागद घेतला, दोनदा लिहून फाडला, तिसऱ्यांदा पुरा केला. तेवढ्यात इस्पितळातून निरोप घेऊन सायकलवाला आला. उस्तादनी डोळे उघडले होते. बोलता येत नव्हतं, पण इनायतचं मनगट धरलं होतं आणि सोडायला तयार नव्हते. चीमाने भर तारघरात टोपी उडवली.

तारबाबूने चष्मा नाकावर सरकवून कागद वाचला. मग पुन्हा वाचला.

"शेखसाहेब, तिन्ही इस्पितळांना हेच पाठवायचं? 'आमच्या पेटीतली अवजारं वापरू नका. ती खोटी आहेत. वहीदुद्दीन, सियालकोट.' काही चूक तर नाही ना?"

"चूक आहे," शेखसाहेब म्हणाले. "म्हणूनच पाठवतोय. तातडीची लाव. आणि नाव पुरं घाल."